तुझ्या आईच्या वेळीही हा आजार होता

प्रिय ताई,
मी 32 वर्षांची आहे. पाळी सुरू झाल्यापासून दर महिन्याचे पहिले दोन दिवस मी कुठल्याच कामाची नसते. कळा ओटीपोटातून कमरेत आणि मांड्यांत उतरतात, शौचाला बसतानाही जीव जातो. सहा वर्षांपूर्वी दुर्बिणीतून तपासणी झाली. तेव्हा ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन कमी करा’ असं सांगून घरी पाठवलं. गेल्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच पाहिलं, तुकडे तपासायला पाठवले आणि एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार निघाला, स्टेज दोन. मला हलकं वाटायला हवं होतं. पण आई म्हणते, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आत्या म्हणते, एक मूल होऊ दे, आपोआप जाईल. नवरा समजूतदार आहे, पण तोही विचारतो, दोनच नंबरची स्टेज तर एवढं दुखतं कसं? हा आजार नवा आहे का? इतक्या डॉक्टरांना इतकी वर्षं कळलं कसं नाही? की मी खरंच बाऊ करत होते? धाकटी बहीण 16 वर्षांची आहे, तिचंही असंच सुरू झालंय, म्हणून जास्त धास्ती वाटते.
— स.

प्रिय स.,

तू बाऊ केला नाहीस. बायोप्सीचा कागद हातात आहे, तेव्हा हा प्रश्न इथेच मिटवू.

तुझं पत्र वाचताना मला वेगळंच काही जाणवलं. आई, आत्या, नवरा आणि ते पहिले डॉक्टर, चौघांनी तुला एकेक वाक्य ऐकवलं. त्यातलं एकही त्यांच्या पदरचं नाही. ती सगळी वाक्यं या ना त्या काळात वैद्यकानेच म्हणून ठेवलेली आहेत, काही तर मोठ्या नावांच्या सहीनिशी. औषधांचं तुझे डॉक्टर बघतील. मी तुला ही वाक्यं कुठून आली तेवढं सांगते, म्हणजे घरात कुणाला काय उत्तर द्यायचं ते तुझं तूच ठरवशील.

आत्यापासून सुरुवात करू, कारण त्यांचं वाक्य सगळ्यात जुनं आहे. ‘मूल झालं की बरं वाटेल’ हा सल्ला निदान 2400 वर्षं तरी चालत आलाय. प्राचीन ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांत पाळी अडली, पोट दुखलं, मुलगी भ्रमिष्टासारखी वागू लागली की इलाज ठरलेला असे: लवकर लग्न लावा, गर्भ राहिला की ती बरी होईल. प्लेटोने तर गर्भाशय म्हणजे मुलासाठी आसुसलेला प्राणीच, असं लिहून ठेवलं. फार काळ रिकामं राहिलं की ते चिडतं, शरीरभर भटकतं, श्वास कोंडतं. मग भटक्या गर्भाशयाला जागेवर आणायला बाईच्या नाकाशी घाण वासाच्या वस्तू धरायच्या आणि खालच्या बाजूला सुगंधी धुरी द्यायची. वरच्या दुर्गंधीने ते खाली पळेल आणि खालच्या सुवासाने ओढलं जाईल, असा हिशेब. इजिप्तमधल्या सुमारे 3800 वर्षांपूर्वीच्या काहून पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितातही बाईच्या अंगात कुठेही दुखलं, अगदी डोळे किंवा दात दुखले, तरी खापर गर्भाशयावर फोडलेलं सापडतं.

त्या काळातही शहाणी माणसं होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास रोममध्ये काम करणारा सोरानस हा वैद्य स्पष्ट सांगत होता की गर्भाशय म्हणजे काही बिळातून वासामागे बाहेर येणारं जनावर नव्हे. पण त्याचं कोण ऐकणार! प्राणी गेला, तरी कल्पना टिकली. पुढे तिने हिस्टेरियाचं रूप घेतलं. कारण सापडत नाही असं बाईचं कुठलंही दुखणं त्या एका शब्दाच्या पोत्यात भरता येत असे. हिस्टेरियाच्या नावाखाली नोंदलेल्या बायकांपैकी बहुतेकींना प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस असावा, असं अलीकडे काही संशोधकांनी मांडलंय. मला ते ओढूनताणून केल्यासारखं वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईची बायोप्सी आज कोण करणार? पण त्या गर्दीत तुझ्यासारख्या अनेकजणी असणार, एवढं मात्र मी छातीठोकपणे म्हणेन.

आता ‘टेन्शन कमी करा’ या वाक्याकडे. त्याला अधिकृत मान्यता मिळाली ती 19व्या शतकात. बाईचं मन आणि बाईचे बीजांडकोश यांची सांगड घालून डॉक्टरांनी नुसते सल्ले दिले नाहीत, सुऱ्याही चालवल्या. 1872 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी या सर्जनने पाळीचा त्रास असणाऱ्या एका तरुणीचे बीजांडकोश काढले. ते फुगलेले किंवा गाठी धरलेले होते म्हणून नव्हे. ते काढले की पाळी जाईल आणि पाळी गेली की त्रास जाईल, या तर्काने. मग ही शस्त्रक्रिया त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि पाळीच्या वेदनांपासून हिस्टेरिया, फेफरं, ‘वेडेपणा’ अशा कशाकशासाठी केली गेली. काही बायकांना खरंच बरं वाटलं असेल. एंडोमेट्रिओसिस बीजांडकोशातल्या हॉर्मोनवर पोसला जातो, हे आपल्याला आज माहीत आहे. पण तेव्हा कोणालाच ते माहीत नव्हतं, आणि भर तारुण्यात पाळी बंद झालेल्या त्या बायकांनी पुढे काय भोगलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

याच काळात, पेशंटच्या खाटेपासून लांब, शवागारात आणि प्रयोगशाळेत वेगळंच काही चालू होतं. व्हिएन्नाचा कार्ल फॉन रोकिटान्स्की हा शवविच्छेदनातला दादा माणूस. 1860 मध्ये त्याने लिहिलं की गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात असतात तशा ग्रंथी आणि तसं ऊतक गर्भाशयाच्या स्नायूंत आणि बीजांडकोशातही त्याला आढळलं. एंडोमेट्रिओसिसचं पहिलं वर्णन म्हणून बहुतेक पाठ्यपुस्तकं याच वर्षाकडे बोट दाखवतात. इतिहासकार मात्र यावर आजही भांडतात. एक गट हा मान 1690 सालच्या एका जर्मन प्रबंधाला देतो. दुसरा म्हणतो की त्यात गर्भाशयाचे साधे व्रण आहेत, या आजाराचा संबंध नाही. तिसरा म्हणतो, रोकिटान्स्कीलाही त्याने काय पाहिलं ते उमगलं नव्हतं, त्याला ती गाठच वाटत होती. मला या तिसऱ्या गटाचं पटतं. बघणं आणि ओळखणं यांत बरंच अंतर असतं, आणि तुझ्या सहा वर्षांपूर्वीच्या तपासणीचं उत्तर त्या अंतरातच आहे. त्याकडे येतेच.

पुढचा धागा अमेरिकेतल्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जातो. 1899 मध्ये विल्यम वुड रसेलने शस्त्रक्रियेत काढलेला एक बीजांडकोश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बीजांडकोशाच्या आत त्याला हुबेहूब गर्भाशयाचं अस्तर दिसलं, ग्रंथींसकट. हे इथे आलं कसं, हा प्रश्न त्याला पडला आणि त्याने उत्तर दिलं की भ्रूणावस्थेतच थोडा भाग चुकीच्या जागी राहिला असावा. तिथल्याच थॉमस कलनने पुढची काही वर्षं असे तुकडे कुठेकुठे सापडतात याचा नकाशाच तयार केला. गर्भाशयाच्या भिंतीत, गर्भाशय आणि गुदाशय यांच्या मधल्या पडद्यात, आतड्यावर, बेंबीतसुद्धा. तू शौचाच्या वेळच्या ज्या वेदनेबद्दल लिहिलंस ती कदाचित त्या मधल्या पडद्यातली असेल. कलनने 1920 मध्ये ती जागा नोंदवून ठेवली होती. आजही पेशंट ‘शौचाला बसताना दुखतं’ म्हणते तेव्हा तिला पोट साफ होण्याचं औषध देऊन परत पाठवतात, तेव्हा मला हा सन आठवतो आणि राग येतो.

या सगळ्या कथेतला मुख्य माणूस आहे जॉन सॅम्पसन, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचा सर्जन. त्याने एक साधी पण कुणाला न सुचलेली गोष्ट केली. पाळीच्या दिवसांत शस्त्रक्रिया टाळायची रीत असताना त्याने मुद्दाम त्या दिवसांत पोट उघडून पाहिलं. बीजांडकोशावर गाठी होत्या, आत जुनं, घट्ट, गडद तपकिरी रक्त साचलेलं. आपण आजही तिला चॉकलेट सिस्ट म्हणतो. गाठीला बारीक भोक पडलेलं, त्यातून रक्त पाझरलेलं, आणि जिथे ते पाझरलं तिथे आतडी, बीजांडकोश, गर्भाशयाची मागची बाजू डिंकाने चिकटवल्यासारखी एकमेकांना धरून बसलेली. आणखी एक गोष्ट त्याला दिसली: बीजवाहिनीच्या उघड्या टोकातून पाळीचं रक्त पोटात उतरत होतं. 1921 मध्ये त्याने गाठींबद्दल लिहिलं, 1925 च्या सुमारास आजाराला आज आपण वापरतो ते नाव दिलं, आणि 1927 मध्ये पूर्ण सिद्धांत मांडला. पाळीचं थोडं रक्त उलट दिशेने वाहतं, त्यातल्या अस्तराच्या जिवंत पेशी पोटात रुजतात, आणि दर महिन्याला त्याही गर्भाशयाच्या अस्तरासारख्याच सुजतात, रक्ताळतात. फक्त त्या रक्ताला बाहेर यायला वाट नसते.

हे स्पष्टीकरण इतकं नेटकं होतं की पुढची कित्येक दशकं वैद्यकाने त्यावरच गाडी रेटली. पण त्यात एक मोठं छिद्र होतं. 1984 मध्ये एका अभ्यासात दिसलं की बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या जवळपास 90 टक्के बायकांच्या पोटात पाळीच्या सुमाराला रक्त सापडतं. म्हणजे रक्त उलटं वाहणं हीच सर्वसाधारण गोष्ट आहे. मग आजार सगळ्यांना का होत नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात पाळीच्या वयातल्या सुमारे 10 टक्के मुली आणि स्त्रियांना, म्हणजे साधारण 19 कोटी जणींना तो आहे. उरलेल्यांच्या पेशी का रुजत नाहीत? शिवाय क्वचित फुप्फुसातही हा आजार सापडतो, आणि अगदी विरळा म्हणावेत असे काही पुरुषांतही आढळलेत, विशेषतः प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी स्त्री हॉर्मोन दिलेल्यांत. तिथे पाळीचं रक्त कुठून येणार? जर्मनीचा रोबर्ट मायर सॅम्पसनच्या आधीपासून सांगत होता की पोटाच्या आतल्या आवरणातल्या पेशीच काही कारणाने रूप बदलत असाव्यात. दोघांपैकी एक खोटा आणि एक खरा, असा निकाल लागलेला नाही. प्रतिकारशक्ती, हॉर्मोन आणि अनुवंश यांचा वाटा आता स्पष्ट दिसतोय. 2023 मध्ये 60 हजारांहून जास्त पेशंटच्या जनुकांची तुलना करून आजाराशी संबंध असलेल्या 42 जागा शोधल्या गेल्या, आणि त्यातल्या काहींचा धागा इतर दीर्घकालीन वेदनांच्या आजारांशी जुळतो असंही दिसलं.

आता आईकडे. ‘आमच्या वेळी नव्हतं’ हे त्यांना मनापासून वाटत असणार, त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांच्या वेळी हा आजार बहुतेकदा दिसायचाच मुळी पोट फाडल्यावर. केवळ पोटात दुखतं म्हणून तरुण मुलीचं पोट कोण फाडणार? दुर्बिणीची तपासणी स्त्रीरोगात रुजवली ती पॅरिसच्या राऊल पामर यांनी 1940 च्या दशकात, आणि इंग्लंडच्या पॅट्रिक स्टेप्टो यांनी 1967 मध्ये त्यावर पुस्तक लिहिल्यावर ती इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांत पसरली. हेच स्टेप्टो पुढे पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीमुळे जगाला माहीत झाले. बेंबीजवळच्या छोट्या छेदातून आत बघता येऊ लागलं आणि आजार ‘वाढला’. प्रत्यक्षात बघणारे वाढले होते. तुझ्या आईच्या किंवा आजीच्या पिढीतल्या ज्या बायका दर महिन्याला दोन दिवस अंथरूण धरायच्या, ज्यांनी सगळं अंगावर काढलं, आणि शेवटी चाळिशीत ज्यांची ‘पिशवी काढली’, त्यांच्यापैकी किती जणींना हाच आजार होता ते आता कळायला मार्ग नाही. आईंना एकदा विचार, त्यांच्या घरात अशी कोणी होती का. बहुतेक एखादं नाव निघेल.

बघणारा कोण आणि कोणाकडे बघतो, यानेही चित्र बदलतं, याचं एक ठसठशीत उदाहरण. 1930-40 च्या दशकांत बॉस्टनच्या जो मेग्ज या नामवंत सर्जनच्या लक्षात आलं की त्याच्या खासगी, पैसे मोजणाऱ्या पेशंटमध्ये हा आजार भरपूर आहे आणि धर्मादाय वॉर्डातल्या गरीब बायकांत कमी. त्याने अर्थ लावला: सुखवस्तू घरांतल्या मुली उशिरा लग्न करतात, मुलं लांबणीवर टाकतात, त्याची ही शिक्षा. उपाय अर्थातच लवकर लग्न आणि लवकर मुलं. म्हणजे हिप्पोक्रेटिसचा सल्ला आकडेवारीचे कपडे घालून परत आला. पुढे या आजाराला ‘करिअर करणाऱ्या बायकांचा आजार’ असंही म्हणू लागले. गरीब बायकांच्या दुखण्याचा शोध घेण्याइतका वेळ आणि पैसा कोणी खर्च करत नव्हतं, हे स्पष्टीकरण कोणाला सुचलं नाही. 1976 मध्ये शिकागोच्या डोनाल्ड चॅटमन यांनी ओटीपोटात दुखणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची दुर्बिणीतून तपासणी केली, तेव्हा पाचातल्या एकीहून जास्त जणींत एंडोमेट्रिओसिस निघाला. त्यांच्यातल्या अनेकींना त्याआधी ओटीपोटाचा जंतुसंसर्ग असल्याचं सांगितलेलं होतं. कृष्णवर्णीय बायकांना हा आजार फारसा होत नाही, असं तोवर वर्गात शिकवत असत. शिकवणाऱ्यांनी पाहिलंच नव्हतं.

आणि आता तुझी स्वतःची सहा वर्षांपूर्वीची दुर्बीण. सॅम्पसनच्या काळापासून सर्जन डोळ्यांत एकच चित्र घेऊन आत शिरायचे: काळपट, निळसर, जळाल्यासारखे ठिपके. ते दिसले तर आजार, नाही दिसले तर पेशंट नॉर्मल. 1986 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॅन्सन आणि रसेल या दोघांनी एक काम केलं. पोटाच्या आतल्या आवरणावरच्या, तोवर कोणी लक्षात न घेतलेल्या जागा त्यांनी कापून तपासायला पाठवल्या. पांढुरके डाग, पारदर्शक पाण्याच्या थेंबासारखे फोड, लालसर ज्वाळेसारखे पट्टे, आवरणातले छोटे खळगे. त्यांच्यापैकी बऱ्याच ठिकाणी एंडोमेट्रिओसिसच्या पेशी सापडल्या. याचा अर्थ काय होतो बघ. त्याआधी कित्येक वर्षं, टेबलावर झोपवलेल्या, पोटात दुर्बीण घातलेल्या बायकांचा आजार डॉक्टरांच्या नजरेसमोर होता, उजेडात होता, आणि तरी शुद्धीवर आल्यावर त्यांना ‘आत काही नाही’ असं सांगितलं गेलं. कागदावर नॉर्मल लिहिलं की पुढचा प्रत्येक डॉक्टर तो कागद वाचणार, आणि त्या बाईचं म्हणणं आणखी हलकं होणार. हे माहीत होऊन आता बराच काळ झालाय, पण ते ठिपके ओळखण्याची सवय प्रत्येक सर्जनला सारखी नसते. तुझ्या पहिल्या तपासणीत नेमकं काय घडलं ते मी इथून सांगू शकत नाही. आजार त्या वेळी थोडाच असेल, आतल्या थरात दडला असेल, किंवा दिसूनही ओळखला गेला नसेल. पण ‘दिसलं नाही’ या दोन शब्दांतून ‘नाही’ एवढंच उचलून तुझ्या हाती दिलं, हे चुकलंच.

नवऱ्याचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर सोपं आहे. ती स्टेज वेदना मोजायला बनलेलीच नाही. अमेरिकन फर्टिलिटी सोसायटीने 1979 मध्ये गुणांची पद्धत आणली, 1985 मध्ये आणि पुन्हा 1996 मध्ये ती सुधारली. नावावरूनच कळतं की डोक्यात मूल होण्याचा प्रश्न होता. ठिपके किती, गाठ केवढी, बीजवाहिन्या कितपत चिकटल्या, याचे गुण मोजायचे आणि 1 ते 4 यांपैकी आकडा द्यायचा. कुठे दुखतं आणि किती, याचा त्यात एकही गुण नाही. पोटभर चिकटलेली आतडी घेऊन चौथ्या स्टेजची एखादी बाई मूल होत नाही म्हणून येते आणि दुखण्याबद्दल विचारलं तर विशेष काही नाही म्हणते. पहिल्या-दुसऱ्या स्टेजची दुसरी वेदनेने उलट्या करते. आजाराच्या जागांवर नवे मज्जातंतू उगवतात, सूज येते, आणि वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मेंदू आणि मणक्यातली वेदनेची यंत्रणाच जास्त तिखट होते. त्यामुळे ‘दोनच’ हा शब्द घरातून हद्दपार करा.

जाता जाता एक उल्लेख करायलाच हवा. साध्या पाळीच्या कळासुद्धा मनाचे खेळ मानल्या जायच्या. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या व्ही. आर. पिकल्स या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1957 मध्ये पाळीच्या स्रावातच स्नायू आवळणारा पदार्थ असल्याचं दाखवलं. तो प्रोस्टाग्लँडिनच्या घराण्यातला निघाला. आज आपण पाळीत घेतो त्या बऱ्याच दुखण्याच्या गोळ्या त्यालाच अडवतात.

उपचारांचा इतिहास ऐकताना पोटात कालवतं, म्हणून थोडक्यात. 1940 च्या दशकात बायकांना पुरुषी हॉर्मोन दिलं गेलं. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉस्टनच्या रॉबर्ट किस्टनर यांनी गोळ्यांनी खोटी गर्भावस्था आणायची पद्धत रूढ केली. म्हणजे आत्याचाच सल्ला, फक्त बाळाशिवाय. 1976 मध्ये अमेरिकेत डॅनॅझोल या औषधाला मान्यता मिळाली. त्याने दुखणं कमी व्हायचं, पण कित्येकींना दाढीमिशा फुटल्या, मुरमं आली, आवाज घोगरा झाला, आणि आवाज कधीकधी परत मूळपदावर यायचाच नाही. मग पाळी तात्पुरती बंद पाडणारी इंजेक्शनं आली. त्यांनी हाडं ठिसूळ व्हायची, म्हणून जास्त काळ द्यायची झाल्यास बरोबर थोडं हॉर्मोन द्यायला सुरुवात झाली. आजची औषधं त्या मानाने खूप सुसह्य आहेत, पण तत्त्व तेच राहिलंय: आजाराला झोपवणं. समूळ बरं करणारं औषध अजून नाही. गर्भाशय काढणं हाही हमखास इलाज नव्हे, कारण आजार असतो गर्भाशयाच्या बाहेर.

1980 हे वर्ष मला या सगळ्यात विशेष वाटतं. त्या वर्षी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या अधिकृत निदानयादीतून हिस्टेरिया काढून टाकला, आणि त्याच वर्षी मिलवॉकी शहरात पेशंट बायकांनी एकत्र येऊन एंडोमेट्रिओसिस असोसिएशन सुरू केली. त्यांनी एकमेकींना प्रश्नावल्या पाठवून माहिती गोळा केली. त्यातून कित्येकींचं दुखणं शाळेच्या वयातच सुरू झालं होतं हे पुढे आलं. डॉक्टर मात्र तोवर हा तिशीतल्या बायकांचा आजार समजत होते. आता सगळं बदललंय असं म्हणायचा मोह होतो, पण थांब. 2013 मध्ये एका नामांकित नियतकालिकात एक अभ्यास छापून आला, विषय होता या आजाराच्या बायका दिसायला जास्त आकर्षक असतात का. तो मागे घ्यायला 2020 उजाडलं.

मग आत्यांना काय सांगायचं? गरोदरपणात पाळी थांबते, त्यामुळे काहींना तेवढ्या काळात आराम पडतो, काहींना पडत नाही, आणि नंतर दुखणं परत येऊ शकतं. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय की केवळ या आजारावर उपाय म्हणून कोणालाही गरोदर राहायचा सल्ला देऊ नये. तुम्हा दोघांना मूल हवं असेल तर तो वेगळा विषय आहे. तो डॉक्टरांपाशी वेळेवर काढा, कारण आजारामुळे गर्भधारणेला अडचण येऊ शकते. पण आत्यांच्या सांगण्यावरून घाई नको.

तुझ्यासाठी दोन कामं. पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही दुर्बिणींचे शस्त्रक्रियेचे कागद, फोटो किंवा व्हिडिओ असतील तर ते, आणि बायोप्सीचा रिपोर्ट यांच्या प्रती मागून घे आणि एकाच फाइलमध्ये ठेव. आत्ताच्या डॉक्टरांना विचार की आतड्याच्या आणि गुदाशयाजवळच्या जागा नीट पाहिल्या होत्या का. शौचाच्या वेळच्या वेदनेचा उल्लेख त्यांच्याकडे झाला नसेल तर तो आधी कर.

बहिणीचं मात्र थांबवू नकोस. आई किंवा सख्खी बहीण यांना हा आजार असेल तर मुलीला होण्याची शक्यता इतरांहून जास्त असते, आणि 16 वर्षांच्या मुलीला ‘होईल सवय’ असं सांगण्यात वर्षं जातात. जगभर निदानाला लागणारा काळ आजही 4 ते 12 वर्षं सांगितला जातो. तिच्यासाठी लगेच दुर्बिणीची गरज नाही. हल्ली चांगल्या हाताने केलेल्या सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये गाठी आणि खोलवरचा आजार दिसतो, आणि त्या 2022 च्या सूचनांनुसार दुर्बीण ही निदानाची पहिली पायरी राहिलेली नाही. तपासण्या स्वच्छ आल्या तरी लक्षणांवरून औषध सुरू करता येतं. तिला दोन-तीन पाळ्यांची नोंद ठेवायला सांग: कुठल्या दिवशी दुखलं, कुठे, लघवी-शौचाला त्रास झाला का, शाळा बुडली का, किती गोळ्या घेतल्या. डॉक्टरांकडे जाताना तू बरोबर जा, आणि तुझी फाइलही घेऊन जा.